नंदूच्या नावाचं ताट

तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सिंधूताई टिपणीस आल्या की कोणीतरी हमखास म्हणायचं, "मावशी, तुमच्या लग्नाची गोष्ट सांगा ना, ती युद्धातली!" सिंधूताईंनाही फार आग्रह लागत नसे. हातातला तिळगुळाचा डबा बाजूला ठेवून त्या सुरू व्हायच्या. एकाहत्तरचा डिसेंबर, ठाणं, गोरज मुहूर्त आणि सगळीकडे ब्लॅकआउट. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेले, पेट्रोमॅक्सभोवती दोन मामा घोंगडी धरून उभे. मंगलाष्टकं अर्ध्यावर आली आणि भोंगा वाजला. मामांनी पेट्रोमॅक्स विझवला. भटजी पाटाखाली डोकं घालून बसले, आणि नवरीने अंधारात चाचपडत जो हार घातला तो नेमका अंतरपाट धरणाऱ्या काकांच्या गळ्यात पडला! बायका पोट धरधरून हसायच्या. पुण्याहून नव्याने आलेल्या मुली मोबाइलवर ते सगळं रेकॉर्ड करायच्या.

हार काकांच्या गळ्यात पडला हे सिंधूताईंनी पदरचं घातलेलं होतं. नवरा चुकीचा होता, एवढं मात्र खरं होतं, आणि तेवढंच त्या कोणाला सांगत नसत.

लग्न ठरलं होतं नंदूशी. नंदकुमार टिपणीस, सैन्यात सेकंड लेफ्टनंट, हसरा आणि बडबड्या. साखरपुड्यानंतर तो तिला तलावपाळीला नावेत बसवून घेऊन गेला होता. वल्ही मारता येत नसताना त्याने वल्ही मारली, नाव जागच्या जागी गोल फिरत राहिली आणि काठावरचे लोक सल्ले देत राहिले. पनवेलच्या पोस्टमास्तरांच्या मुलीला, म्हणजे सिंधूला, एवढं हसायला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. पत्रिका वाटून झाल्या, आहेराची भांडी यायला लागली. आणि लढाई सुरू झाली. नंदूची रजा रद्द झाली. लग्नाला दोन दिवस उरले असताना तार आली की पश्चिम सीमेवरच्या चकमकीनंतर तो बेपत्ता आहे.

धाकटा भाऊ श्याम तेव्हा घरातच होता. योकोहामाला एका सिंधी व्यापाऱ्याच्या रेशमाच्या पेढीवर तो पत्रव्यवहार बघायचा. दादाच्या लग्नासाठी कॅमेरा आणि होणाऱ्या वहिनीसाठी दोन नायलॉनच्या साड्या घेऊन तो आला होता. तार आली त्या दिवशी त्याच्या आईने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि बाहेर आला तेव्हा तो नवरदेव झालेला होता.

मुलीचा काय दोष, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती, पण ती हळू आवाजात म्हणत. मोठ्या आवाजात बोललं जात होतं ते तिच्या पायगुणाबद्दल. लग्न मोडलं असतं तर पनवेलला परत गेलेल्या सिंधूला पुन्हा कोणी विचारलं नसतं. सासूबाईंनी तिची अब्रू राखली, हे कबूल करायलाच हवं. पण ती राखताना त्या बाईने जो हिशेब मांडला तो आजवर कोणाला सुटलेला नाही. नंदू परत येणार नाही, म्हणून मुलगी श्यामला द्यायची. आणि नंदू जिवंत आहे, म्हणून घरात सुतक नाही, म्हणून त्याच मुहूर्तावर लग्न लावायचं. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच तोंडाने दोन्ही! भटजींनी एकदा विचारून पाहिलं, "वहिनी, तारेत बेपत्ता म्हटलंय, पण तसंच काही असेल तर सुतकात लग्न लागत नाही." सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा गेलेला नाही. तुम्ही होम पेटवा."

लग्नानंतर चार दिवसांनी युद्ध संपलं.

बहात्तरच्या फेब्रुवारीत सिंधू हानेदा विमानतळावर उतरली तेव्हा बर्फ पडत होतं आणि तिच्या पायात कोल्हापुरी चपला होत्या. श्यामने स्वतःचे मोजे काढून तिला दिले. नवरा म्हणून त्याने तिला आपणहून दिलेली ही पहिली वस्तू. तो अबोल होता. नंदूसारखा हसायचा नाही आणि तसा प्रयत्नही करायचा नाही, हे त्याचं शहाणपण. तीन वर्षांसाठी म्हणून ते आले आणि परत गेलेच नाहीत. दर वेळी परतायचा विषय निघाला की श्याम म्हणायचा, "तिकडे जो तो माझ्याकडे बघतो आणि त्याला दादा दिसतो. इथे मला कोणी ओळखत नाही, बरंय." योकोहामातल्या इशिकावाचोच्या चढावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि पुढे त्याच इमारतीत जरा मोठं घर.

येताना सासूबाईंनी आहेरातली दोन स्टीलची ताटं बांधून दिली होती. त्यांच्या मागे नावं कोरलेली होती, 'चि. नंदकुमार व चि. सौ. कां. सिंधू', आणि खाली तारीख. सिंधूने म्हटलं होतं, ही नकोत. "स्टील महाग आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि नाव काय, खालच्या अंगाला असतं." तर त्या ताटात श्याम जन्मभर जेवला. वरण-भात, पुढे पुढे मिसो सूप आणि भात, मासे तर रोजचेच. ताट त्याने कधी उलटं करून बघितल्याचं सिंधूला दिसलं नाही. घासायचं काम सिंधूचं होतं, त्यामुळे तिला ते दिवसातून दोनदा दिसायचं.

पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. योकोहामाच्या डॉक्टरांनी त्याची कारणं नीट समजावून सांगितली होती, चित्र काढून. सिंधूने मान डोलावली. पण घरी येऊन तिने स्वतःचं कारण शोधलं आणि ते डॉक्टरांच्या कारणापेक्षा जास्त घट्ट बसलं: आपलं लग्न सुतकात लागलंय. नंदू तेव्हाच गेला असणार, आणि घरात प्रेत नसलं तरी सुतक होतंच. मग सारंग झाला, तिसऱ्या दिवसानंतरही जगला, बाळसं धरलं, आणि सिंधूचा हिशेब उलटा झाला. सारंग जगला, म्हणजे लग्न सुतकातलं नव्हतं. म्हणजे नंदू जिवंत आहे. कुठेतरी तुरुंगात असेल, वेडा झाला असेल, पण आहे. तिला नंदू परत यायला नको होता. आला असता तर काय करणार होती ती? तिला तो फक्त जिवंत हवा होता, कारण त्याच्या जिवंत असण्यावर तिच्या मुलाचा जीव टांगलेला होता. सासूच्या हिशेबाला हसणाऱ्या सुनेने हा असा हिशेब केला, आणि वर्षानुवर्षं तो रोज पडताळून पाहिला. सारंगला ताप आला की तिला आधी नंदू आठवायचा.

बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी करतात. ठाण्याच्या भटजींनी तसं कळवलं तेव्हा सासूबाईंनी नाही म्हटलं. पुढे त्या आजारी पडल्या, सिंधू भेटायला गेली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून सांगितलं, "मी गेल्यावरसुद्धा त्याचं नाव गेलेल्यांत घेऊ नका. तुझं लग्न नासेल." सिंधूला हे नवीन नव्हतं. पण आपल्या मनातली भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की तिला वजन येतं.

त्यामुळे दर सर्वपित्रीला योकोहामाच्या त्या घरात एक मुकं नाटक व्हायचं. श्याम न्हाणीघराजवळ परात घेऊन बसायचा, काळे तीळ, दर्भाऐवजी कोणत्याशा लांब पात्याचं गवत. वडिलांचं नाव घ्यायचा, आजोबांचं, पणजोबांचं, आईचं, आजीचं, मामांचं. मग भावाची जागा यायची. हातात पाणी घेऊन तो थांबायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. दारात सिंधू उभी असायची. ती मानेने नाही म्हणायची. श्याम ते पाणी तसंच, कोणाचंही नाव न घेता, सोडून द्यायचा आणि उठायचा. यावर दोघं एक अक्षर बोलली नाहीत. सारंग लहान होता तेव्हा त्याला वाटायचं की शेवटचं पाणी असं आईला विचारूनच सोडायचं असतं.

बाकी संसार चांगला झाला म्हणायचा. सिंधूताईंनी भाजीवाल्याकडून जपानी शिकून घेतलं, त्यामुळे त्यांच्या जपानीला कायम घासाघिशीचा सूर राहिला. चढावरच्या बायकांनी त्यांना आपल्यात घेतलं ते कचऱ्यामुळे. वस्तीत कचऱ्याची पाळी असते. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, सगळं वेगळं, ठरलेल्या वारी, आणि वरून हिरवी जाळी नीट दाबायची, नाहीतर कावळे पिशव्या फाडून रस्ताभर घाण करतात. इथले कावळे म्हणजे कोंबडीएवढे. सिंधूताईंची पाळी असली की कावळ्यांचं काही चालत नसे. त्या खराटा घेऊन उभ्याच राहायच्या. हळूहळू बाकीच्यांनी आपल्या पाळ्या त्यांनाच देऊन टाकल्या. "तिपुनिसु-सानना कावळे ओळखतात," असं शेजारणी टिपणीसबाईंबद्दल म्हणायच्या आणि ते खरं होतं. ही बाई कोपऱ्यावर दिसली की तारेवरचे कावळे ओरडून एकमेकांना सांगायचे.

या नोव्हेंबरात श्याम आजारी पडला. फुप्फुसांत पाणी झालं होतं. हॉस्पिटलात दुपारच्या वेळी, सारंग खालच्या कोनबिनी दुकानात चहा आणायला गेलेला असताना, तो एकाएकी म्हणाला, "सिंधू, माझ्याबरोबर दादाचंही करून टाक."

सिंधूताई पांघरूण सारखं करत होत्या. "आधी बरे व्हा तुम्ही."

"अगं, तो तिथे भेटला तर काय सांगू? इतकी वर्षं उपाशी ठेवलं त्याला. त्याच्या ताटात मी जेवलो."

म्हणजे त्याला माहीत होतं! कधी उलटं केलं होतं त्याने ते ताट? सिंधूताईंना त्याच्या कपाळावर हात ठेवावासा वाटला आणि त्याच वेळी त्याचा राग आला, की आत्ता, या क्षणी, हे का मागताय? सारंगचं वय किती, तोही थकतो हल्ली, रक्तदाबाची गोळी घेतो. "डॉक्टर येतील आता," एवढंच त्या म्हणाल्या. श्याम त्यांच्याकडे बघत राहिला, जसा सर्वपित्रीला बघायचा. या वेळी त्यांनी मान हलवली नाही. पण हो म्हणायलाही हलवली नाही. दोन दिवसांनी तो गेला.

दहन इथल्या पद्धतीने झालं. इथे राख देत नाहीत, हाडं देतात, आणि घरच्यांनी चॉपस्टिकने ती उचलून कुंभात ठेवायची असतात. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं. सारंगच्या आणि सिंधूताईंच्या चॉपस्टिकमध्ये श्यामचं पायाचं हाड होतं आणि ते नेताना सिंधूताईंच्या चॉपस्टिक निसटायला लागल्या तेव्हा सारंग म्हणाला, "दाइजोबु, आई, काही होत नाही. मी धरलंय."

दहाव्याचा प्रश्न तन्वीने सोडवला. तन्वी म्हणजे सारंगची बायको, पुण्याची, कामाला वाघ. तिच्या ओळखीचा अंबरीष नावाचा मुलगा तोक्योच्या तोयोसु भागात एका कंपनीत होता. वडील भिक्षुक, त्यामुळे त्याला सगळं पाठ, आणि शनिवार-रविवारी तो तोक्यो ते योकोहामा सत्यनारायण सांगत फिरायचा. दहावा नेमका कामाच्या दिवशी आला, तर त्याने सुट्टी टाकली.

"काकू, फक्त अकराला एक कॉल आहे, तो मी नदीवरूनच घेईन. चालेल ना?"

"चालेल रे बाबा," सिंधूताई म्हणाल्या. आदल्या दिवशी भांडी काढताना तन्वीच्या हातात ते ताट आलं होतं आणि तिने सहज विचारलं होतं, "आई, हे नंदकुमार कोण?" "ह्यांचे मोठे भाऊ," सिंधूताईंनी सांगितलं होतं, आणि तन्वीने भुवया वर करून आधी तारखेकडे आणि मग सासूकडे पाहिलं होतं. पुढे काही विचारलं नाही. पुण्याची असूनही तिने एवढा संयम दाखवला याचं सिंधूताईंना कौतुक वाटलं.

त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. निर्णय आपण घ्यायचाच नाही. कावळ्यावर सोपवायचा. श्यामची इच्छा राहिली आहे, म्हणजे कावळा पिंडाला शिवणार नाही. सारंग म्हणेल, मी आईला सांभाळीन. तन्वी म्हणेल, आम्ही सगळं नीट करू. कावळा बसून राहील. मग सगळे आपल्याकडे बघतील आणि तेव्हा नाइलाजाने, त्या माणसाचा आत्मा अडकू नये म्हणून, आपण म्हणू की बरं, नंदूचंही करू. नाइलाजाने म्हटलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही. इतक्या वर्षांचा तिढा असा सुटणार होता, आणि सिंधूताईंना त्या विचाराने आदल्या रात्री झोपही बरी लागली. निघताना त्यांनी ते ताट पदराखाली धरून पिशवीत ठेवलं.

त्सुरुमी नदीच्या काठावर वारं बोचरं होतं. सारंगने थर्मलवर धोतर नेसलं होतं. पक्ष्यांना खायला घालू नये अशी पाटी पाच पावलांवर उभी होती, आणि तन्वी तिच्यापुढे अशी उभी राहिली की जणू तिने पाटी झाकली म्हणजे नियम संपला. मंत्र झाले, पिंड दर्भावर ठेवला.

"काकू, तुम्ही जरा मागे थांबता का?" अंबरीष संकोचत म्हणाला. "सारंगदादा म्हणाले, तुम्हाला इथले कावळे..."

"ओळखतात. बरोबर आहे," सिंधूताई म्हणाल्या आणि चेरीच्या झाडामागे जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी पदर नीट केला. मनातल्या मनात वाक्य जुळवलं. आणि सारंग नमस्कार करून सरळ होतो न होतो तोच पुलाच्या कठड्यावरून एक कावळा तीरासारखा खाली आला, चोचीत मावेल तेवढा पिंड घेऊन उडाला, मागोमाग दुसरा आला आणि उरलेला त्याने साफ केला. ना कोणाचं आश्वासन, ना कोणाचा नाइलाज. योकोहामाच्या कावळ्याला कशाची वाट बघायची सवय नाही.

"लगेच!" अंबरीषचा चेहरा उजळला. "काकू, इतक्या लगेच मी कधी पाहिलं नव्हतं. काकांची काही इच्छा राहिली नव्हती. भाग्य लागतं."

सारंग रडत होता आणि हसतही होता. "आई, बाबा मस्त गेले बघ. सगळं ओके करून गेले."

सिंधूताई झाडाला हात लावून उभ्या होत्या. त्यांना कोणीतरी भर रस्त्यात सोडून दिल्यासारखं वाटलं. इच्छा राहिली नव्हती म्हणे! हॉस्पिटलातल्या त्या नजरेचं मग काय? इतकी वर्षं ओंजळीतलं पाणी बिननावाचं सोडलं त्याचं काय? त्यांना एकदम उमजलं की श्यामने जाता जातासुद्धा त्यांना अडवलं नव्हतं. जन्मभर तो असाच होता. त्याने विचारायचं, तिने नाही म्हणायचं, आणि त्याने उठून जायचं. कावळ्याच्या रूपानेही तो अडून बसला नाही. आता कोणी काही विचारणार नव्हतं. तन्वी भांडी आवरायला लागली होती. अंबरीषने घड्याळ पाहून कानात इअरफोन घातला. गप्प राहिलं तर सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. नंदू जिवंत, लग्न शुद्ध, सारंग सुखरूप. त्यांनी सारंगकडे पाहिलं. धोतर सावरत उभा असलेला, केस पांढरे व्हायला लागलेला तो पुरुष थंडीने कुडकुडत होता.

"तन्वी, थांब. भात उरलाय ना?"

"आहे की, आई. का?"

सिंधूताई आल्या, खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. पातेल्यातला भात घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने गोळा वळला, त्यात काळे तीळ घातले. पिशवीतून ताट काढलं.

"काकू, बायकांनी... म्हणजे, खरं तर दादांनी ठेवायला हवा," अंबरीष एक इअरफोन काढून म्हणाला. "आणि हा कोणाचा?"

"सारंगच्या काकांचा."

"कुठले काका?" सारंगने विचारलं. "ते मिसिंगवाले? पण आई, ते तर... बाबा कधी त्यांचं नाव घ्यायचे नाहीत."

"मी घेऊ देत नव्हते." त्यांनी पिंड ताटात ठेवला. "ते गेले, सारंग. लढाईतच गेले. माझं लग्न व्हायच्या आधी गेले. घरात सुतक होतं आणि त्या सुतकात तुझ्या बाबांनी माझ्याशी लग्न केलं. तुझ्याआधीची माझी दोन मुलं गेली. तू राहिलास. आणि मी इतकी वर्षं तुझ्यासाठी त्या माणसाला मरू दिलं नाही."

सारंगला यातलं किती कळलं कोण जाणे. तो आईच्या शेजारी खाली बसला आणि त्याने तिचा भाताने बरबटलेला हात स्वतःच्या हातात घेतला. त्याचा हात गरम होता.

नंदूला कोणत्या नावाने हाक मारायची हे सिंधूताईंना कधी ठरवावं लागलं नव्हतं. तो होता तेव्हा लाजेने हाक मारली नव्हती आणि नंतर भीतीने. त्यांनी ताट नदीच्या बाजूला सरकवलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या. फार उशीर केला आम्ही."

पुलाच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. त्याने मान तिरकी करून सिंधूताईंकडे पाहिलं. खराटेवाली बाई ओळखली असावी, कारण तो ओरडला, दोन उड्या मारून पुढे आला आणि थांबला. अंबरीष हळूच म्हणाला, "काहीतरी बोला, काकू. काही राहिलं असेल तर."

सिंधूताई सारंगच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. हात पदराला पुसले.

"माझं सांगून झालं," त्या म्हणाल्या. "येईल तेव्हा येईल. आता मी वाट बघणार नाही."

आणि ताट तिथेच ठेवून, मागे वळून न बघता, त्या बांधाच्या पायऱ्या चढायला लागल्या.